मावशींच्या कोळंबीची नोंद

मी त्यांच्याकडे भाड्याने राहायला गेलो त्या दिवशी माझ्या खोलीतला पंखा व्यवस्थित चालतो हे दाखवायला त्यांनी तीन माणसं बोलावली होती. तळमजल्यावरचे बँकेतून निवृत्त झालेले काका, समोरच्या फ्लॅटमधली भाभी आणि जिन्यात मासे विकायला बसलेली कोळीण. तिघंही सवयीने आली, पंख्याकडे मान वर करून बघितलं, "चालतोय" म्हणाली आणि गेली. मी बॅग हातात धरून उभा होतो. मग मालकीणबाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "उद्या बंद पडला तर तुझ्या हातून बंद पडला. काय?"

सगळी सोसायटी त्यांना मावशी म्हणायची, म्हणून मीही म्हणायला लागलो. अंधेरी पश्चिमेला, वेसाव्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरची ती जुनी चार मजली इमारत. यजमान पूर्वीच गेलेले, एकुलती एक मुलगी लग्न करून बंगळूरला. मावशींची सगळी नोकरी विवाह नोंदणी कार्यालयात झाली होती. तिथे लग्नाला तीन साक्षीदार लागतात. नवरा-नवरी नसली तर एक वेळ चालेल, साक्षीदार हवेत, अशा थाटात त्यांनी ती नोकरी केली असावी. निवृत्त होताना सगळे लोक घड्याळ नाहीतर गणपती घरी आणतात, मावशींनी तीन साक्षीदार आणले.

गॅस बंद केला की गॅलरीतून हाक. "अहो काका, ऐकलंत का, मी गॅस बंद केलाय." रक्तदाबाची गोळी घेतली की भाभीला दाखवून. दूधवाल्याला उद्या दूध नको म्हणून सांगायचं तर जिन्यात माणसं जमेपर्यंत तो बिचारा कॅन घेऊन थांबलेला. मी एकदा विचारलं, "मावशी, एवढं कशाला?" तर म्हणाल्या, "अरे, एकाला सांगितलेलं हवेत जातं. दोघांना सांगितलं की भांडण होतं. तिघांना सांगितलं की ते झालेलं असतं."

हे वाक्य ऐकून मी चपापलो. कारण मी ज्या कंपनीत नोकरीला होतो तिथे आम्ही हेच विकत होतो. फक्त आमच्याकडे ते सांगायला प्रेझेंटेशन लागायचं.

अंधेरी पूर्वेला एका इंडस्ट्रियल इस्टेटीत, खाली इमिटेशन दागिन्यांचा कारखाना आणि वर आम्ही, अशी ती कंपनी होती. रुग्णांच्या वैद्यकीय नोंदी ब्लॉकचेनवर, एकीला एक जोडलेल्या नोंदींच्या साखळीत, ठेवायचं काम. म्हणजे असं, की तुमचा रक्तगट, तुमचे रिपोर्ट, तुम्हाला कुठलं औषध चालत नाही, ही माहिती एकाच हॉस्पिटलच्या कपाटात पडून राहायची नाही. तिची कुलूपबंद नोंद होते आणि त्या नोंदीची खूण अनेक ठिकाणच्या संगणकांवर एकदमच उमटते. किल्ली तुमच्या मोबाइलमध्ये. कुणी एकानं मागाहून त्यात फेरफार केला तर बाकीचे संगणक मान्य करत नाहीत. एकदा लिहिलेलं खोडता येत नाही. चुकलं असेल तर खाली नवी दुरुस्ती जोडायची, पण जुनं तसंच दिसत राहतं.

हे सगळं मी आमच्या साहेबांच्या इंग्रजीतून ऐकून महिनाभर डोकं खाजवत समजून घेतलं होतं. मावशींना सांगायला मला एक चहा पुरला.

"म्हणजे साक्षीदार," त्या म्हणाल्या.

"तसंच काहीसं."

"तसंच काहीसं नाही. तेच. एवढ्यासाठी तुम्हाला एसी लागतो?"

त्यांना ते अ‍ॅप इतकं आवडलं की मलाच त्याचा वैताग यायला लागला. आपली नोंद कुणी उघडून पाहिली हे त्यात दिसतं. झालं. सकाळी देवपूजेआधी त्या ते बघायच्या. एकदा हॉस्पिटलला फोन लावून म्हणाल्या, "काल दुपारी माझा साखरेचा रिपोर्ट कोण बघत होतं? नाव सांगा. बघायला हरकत नाही, पण बघून झाल्यावर बोलायचं तरी ना दोन शब्द. कशी आहे साखर?" पलीकडची मुलगी घाबरून सॉरी म्हणाली. गोळ्यांच्या पाकिटावरचा चौकोन स्कॅन केला की औषध कुठल्या गोदामातून कुठे आलं ते कळायचं. मावशी केमिस्टच्या दुकानात उभ्या राहून त्याला त्याच्याच मालाचा प्रवास वाचून दाखवायच्या. तो माणूस मला रस्त्यात दिसला की तोंड फिरवायचा.

एका शनिवारी आमचे साहेब मला सोडायला आले आणि चहाला वर थांबले. ही माझी चूक. मावशींनी त्यांना समोर बसवून विचारलं, "डॉक्टरनं लिहिलेलं ठीक आहे. पण पेशंट जे तोंडानं सांगतो, मला हे चालत नाही, ते चालत नाही, त्याला पुरावा काय? पेशंट वाटेल ते सांगतात. माझ्यासमोर बायको जिवंत असताना अविवाहित म्हणून सांगणारे आलेत."

"मग काय करावं?" साहेबांनी नम्रपणे विचारलं.

"तीन साक्षीदार. ओळखीचे. त्यांनी आपापल्या फोनवरून हो म्हटल्याशिवाय नोंद पक्की करायची नाही. आणि दुरुस्ती करायची तर त्याच तिघांसमोर, कारण देऊन. आमच्या ऑफिसात माणसं दुसऱ्या दिवशी येऊन गयावया करायची, बाई तेवढी तारीख बदला. मी नाही बदलली कधी."

साहेबांचे डोळे चमकले. सोमवारी त्यांच्या प्रेझेंटेशनमध्ये 'कम्युनिटी व्हॅलिडेशन' नावाचं नवीन पान आलं होतं, आणि ते कोडमध्ये बसवायचं काम माझ्याकडे आलं होतं.

नोंदणीचं पहिलं शिबिर अर्थातच आमच्या सोसायटीच्या आवारात झालं. पहिला मान मावशींचा. साक्षीदार म्हणून काका होते, कोळीण होती, आणि नात्यातलं एक माणूस हवं म्हणून खास सांताक्रूझहून मावशींच्या विहीणबाई आल्या होत्या. म्हणजे मुलीच्या सासूबाई. हसऱ्या, ठेंगण्या, पर्स मांडीवर घट्ट धरून बसणाऱ्या. त्यांनी नवीन मोबाइल आणला होता आणि आपल्याला कुठे दाबायचंय हे त्या पुन्हा पुन्हा विचारत होत्या.

नाव झालं, रक्तगट झाला. मी विचारलं, "कशाची अ‍ॅलर्जी?"

मावशी गप्प. मी त्यांना गप्प असं पहिल्यांदाच पाहत होतो.

"अहो, कोळंबी," काका म्हणाले. "लिही रे, कोळंबी."

"कोलबी," कोळीण म्हणाली. "मी तर तिला इकतच नाय."

"कोळंबीच," विहीणबाई काळजीने म्हणाल्या. "अंगभर गांधी उठतात त्यांच्या. माझ्याच घरी कळलं ना ते. लिहा बाई, नक्की लिहा."

मावशींनी तोंड उघडलं, विहीणबाईंकडे पाहिलं आणि मिटलं. तिघांनी आपापल्या फोनवर हो दाबलं. मावशींनी सगळ्यात शेवटी दाबलं. नोंद पक्की झाली आणि आवारात टाळ्या वाजल्या.

आता मागे वळून पाहिल्यावर काही गोष्टी लक्षात येतात. ती कोळीण मढहून फेरीबोटीने वेसाव्याला उतरून आमच्याकडे यायची. तिने टोपलीवरचं फडकं काढलं की मावशी बोंबील हातात घ्यायच्या पण नजर कोळंबीवर. कधीतरी सहज सुचल्यासारखं म्हणायच्या, "अगं, थोडी दे. घरात पाहुणा आहे." पाहुणा म्हणजे मी. मी साताऱ्याचा, मला मासळीतलं काही कळत नाही. कोळीण लगेच फडकं ओढायची. "नाय गो बाय. तुना कोलबी नाय देनार. तुना काय झाला तं पोलीस माझे दारान येतील." आणि भाभीकडे कुणाचा तरी डबा कोळंबीचा आला की मावशी स्वयंपाकघराची खिडकी उघडून उभ्या राहायच्या. मला वाटायचं, वास सहन होत नसेल म्हणून वारा घेतायत.

शिबिरानंतर काही महिन्यांनी मावशींना जिना चढताना छातीत दुखायला लागलं. पहिल्यांदा त्यांनी ते तिघांना सांगितलं, त्यामुळे निदान लपलं तरी नाही. डॉक्टरांनी अँजिओग्राफी सांगितली. हॉस्पिटल आमच्याच योजनेतलं. मावशींनी ऐटीत मोबाइल पुढे केला, नोंद उघडली, आणि पडद्यावर लाल पट्टी आली.

हृदयरोगतज्ज्ञ तरुण होते आणि भले होते. ते म्हणाले, "कोळंबीची अ‍ॅलर्जी आहे तुम्हाला. तपासणीत आम्ही नसेत एक डाय, म्हणजे रंग, सोडतो. खरं सांगायचं तर त्याचा आणि कोळंबीचा तसा संबंध नाही, तो जुना गैरसमज आहे. पण आमच्या इथला नियम अजून जुनाच आहे. लाल पट्टी असली की आधी अ‍ॅलर्जीच्या डॉक्टरांचा अभिप्राय लागतो. त्यात वेळ जाईल. आणि तुमच्या बाबतीत मला फार वेळ घालवायचा नाहीये."

"मला अ‍ॅलर्जी नाही," मावशी म्हणाल्या.

"कोळंबीची?"

"कशाचीच नाही."

डॉक्टरांनी पडद्याकडे बघितलं. "हे तुम्ही आता एकट्या म्हणताय. इथे तर तुम्ही तीन साक्षीदारांसमोर म्हटलंय."

मावशींनी माझ्याकडे असं पाहिलं की मी खुर्चीवरून उठून उभा राहिलो.

घरी येताना रिक्षात सगळं बाहेर पडलं. मुलीचं लग्न झाल्यावर विहीणबाईंनी त्यांना पहिल्यांदा जेवायला बोलावलं होतं. पानात कोळंबीचं कालवण. मावशींचा जीव की प्राण. पहिला घास उचलला आणि दिसलं, कोळंबीचा पाठीतला काळा दोरा काढलेलाच नाही. एकाही कोळंबीचा नाही. मावशींच्या घशाखाली ते जाईना. पण मुलीचं नवं सासर, विहिणीचं पहिलं जेवण. "तोंडातून आपोआप निघालं," त्या म्हणाल्या. "मला चालत नाही म्हटलं. गांधी उठतात म्हटलं. विहीणबाई इतक्या घाबरल्या, ताट उचलून नेलं. मग ते खरं वाटायला हवं ना रे? म्हणून इथे येऊन तिघांना सांगितलं."

"आणि मग?"

"मग काय, झालं ते." बाहेर सिग्नलला फुगेवाला उभा होता, त्याच्याकडे बघत त्या म्हणाल्या, "इतकी वर्षं झाली, एक कोळंबी मिळालेली नाही मला. या अंधेरीत."

मला हसू आवरेना आणि त्यांच्या कपाळावरचा घाम बघून ते ओठावर येईना.

"खोडून टाक तू," त्या म्हणाल्या.

"खोडता येत नाही, मावशी."

"तूच केलंयस ना ते?"

"म्हणून तर माहितीये."

"मग अ‍ॅलर्जी होती, आता बरी झाली असं लिही."

"तसं लिहायचं तर त्या डॉक्टरांच्या तपासण्या आल्या. चुकीची माहिती दिली होती, एवढंच लिहिता येईल. तुम्ही सही करायची, कारण द्यायचं. मग त्याच तिघांच्या फोनवर ते जाणार आणि तिघांनी हो म्हणायचं."

"विहिणीच्या फोनवरसुद्धा?"

"त्यांच्याही."

"असला नियम कुठल्या गाढवानं केला?" त्यांनी विचारलं आणि लगेच तोंड रिक्षाबाहेर वळवलं.

मी साहेबांना फोन केला. साहेब म्हणाले, "यार, एका माणसासाठी मागच्या दारानं बदल केला तर आपण कागदावरच लिहिलेलं काय वाईट?" ते चुकीचं बोलत नव्हते, म्हणून मला त्यांचा जास्तच राग आला. मावशींनी दोन दिवस हट्ट धरला. मी अशीच मरेन, पण हे सांताक्रूझला जाणार नाही. विहीण काय म्हणेल, मुलीला काय ऐकावं लागेल, माझ्या शब्दाला आयुष्यभर कुणी हात लावला नाही. हे सगळं त्या सोफ्यावर बसून बोलायच्या, आणि बोलताना मध्येच श्वास घ्यायला थांबायच्या. त्यांचं ते थांबणं मला बघवत नव्हतं. मला त्यांची फार काळजी वाटत होती, आणि या बाईच्या ज्या तीन साक्षीदारांची मी इतके दिवस थट्टा करत होतो त्यांचा अर्थही तेव्हाच कळला. एकट्या राहणाऱ्या माणसाला रोज तीन माणसं लागत असतील तर त्याला दिवसातून निदान तीनदा कुणीतरी दिसतं.

शेवटी मी म्हटलं, "मावशी, तुमच्या ऑफिसात तारीख बदलायला माणसं यायची ना, त्यांना तुम्ही काय सांगायचात?"

त्यांनी माझ्याकडे रागाने बघितलं आणि फोन उचलून विहीणबाईंना चहाला बोलावलं.

रविवारी दुपारी त्यांच्या दिवाणखान्यात विवाह नोंदणी कार्यालयच भरलं. खुर्च्या ओळीत. काका चष्मा पुसून तयार. कोळीण उंबऱ्याशी, टोपली बाजूला. मधल्या खुर्चीत विहीणबाई, पर्स मांडीवर, तब्येतीची चौकशी करून करून थकलेल्या. मावशी इस्त्रीची साडी नेसून उभ्या राहिल्या.

"मी पूर्ण शुद्धीवर आहे आणि माझ्यावर कुणाचा दबाव नाही," त्या म्हणाल्या. माझ्याकडे एक नजर टाकून पुढे म्हणाल्या, "फारसा. मला कोळंबीची अ‍ॅलर्जी नाही. कधीच नव्हती. मी खोटं बोलले होते."

काकांनी चष्मा परत काढून पुसला. विहीणबाई खुर्चीत पुढे सरकल्या.

"मग त्या दिवशी तुम्ही खाल्ली का नाहीत?"

मावशी पदर सारखा करायला लागल्या.

"सांग गो बाय," कोळीण म्हणाली. "आता काय लपवतं?"

"दोरा काढलेला नव्हता," मावशी म्हणाल्या.

"कसला दोरा?"

कोळणीने टोपलीतून एक कोळंबी उचलली, सोलली, नखाने पाठ उघडली आणि काळा दोरा ओढून विहीणबाईंसमोर धरला. विहीणबाई त्याच्याकडे बघत राहिल्या.

"हे काढायचं असतं?"

"काढाचंच असतं. घान असते ती."

"मला कोण सांगणार हे?" विहीणबाईंचा आवाज बारीक झाला. "आमच्याकडे अंडंसुद्धा येत नाही हो. सूनबाई म्हणाली होती, आईला कोळंबी फार आवडते. म्हणून ह्यांनी ऑफिसातल्या एकाकडून मागवली. मी नाकाला पदर बांधून केली, वेगळ्या पातेल्यात. घरात दुसरं कुणी खाणारंच नव्हतं. तुमच्यासाठीच केली होती सगळी."

मावशी हळूच खुर्चीवर बसल्या. मला वाटलं छातीत दुखतंय, मी पुढे झालो, तर त्यांनी हाताने मला बाजूला केलं.

मी दोघींकडे न बघता अ‍ॅपमध्ये दुरुस्ती भरली. "मावशी, कारण काय लिहू?"

"गैरसमज लिही," काका घाईघाईने म्हणाले.

"गैरसमज नाही," मावशी म्हणाल्या. "विहिणीला वाईट वाटू नये म्हणून खोटं सांगितलं. असंच लिही."

तिघांचे फोन वाजले. काकांनी हो दाबलं. कोळणीने ओला अंगठा पदराला पुसून दाबलं. विहीणबाईंनी मात्र फोन मांडीवर ठेवला आणि दाबेनात. दिवाणखान्यात सगळे त्या अंगठ्याकडे बघत होते. तो हलला नाही तर लाल पट्टी तशीच राहणार होती.

"एवढी वर्षं माझ्या मनात आहे," विहीणबाई म्हणाल्या, "की सुनेच्या आईला मी पहिल्याच जेवणात मारत होते. तेव्हापासून कुणीही घरी आलं की आधी विचारते, तुम्हाला काय चालत नाही? माणसं कंटाळलीत. परवा सत्यनारायणाला गुरुजींनाही विचारलं." त्यांनी डोळे टिपले. "म्हणजे मी काही केलं नव्हतं?"

"काही नाही हो. तुम्ही काहीच केलं नव्हतंत," मावशी म्हणाल्या. "चुकलं माझं."

"बरं झालं बाई सांगितलंत," विहीणबाई म्हणाल्या, आणि त्यांनी इतक्या जोरात दाबलं की फोन खाली पडला. "पण एक अट आहे. तपासणी होऊन घरी या. मी परत करणार. दोरा काढून."

तपासणी त्याच आठवड्यात झाली. एक रक्तवाहिनी बरीच बुजत आली होती, तिथेच स्टेंट बसवला. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आलात. खाण्याबद्दल विचारलं तेव्हा म्हणाले, कोळंबी एखाद्या वेळी, थोडी. मावशींनी 'थोडी' म्हणजे किती हे तीन वेळा वदवून घेतलं.

आता मावशी मुलीकडे बंगळूरला असतात. मी मुलुंडला राहतो, माझा पंखा कुरकुरतो आणि त्याला साक्षीदार नाही. पण मावशी म्हटलं की मला हॉस्पिटल आठवत नाही, त्या घरी आल्यानंतरचा तो रविवार आठवतो. विहीणबाई सांताक्रूझहून डबा घेऊन आल्या होत्या. दोरा त्यांनी इतक्या निष्ठेने काढला होता की एकही कोळंबी अख्खी उरली नव्हती. वर गोडा मसाला आणि गूळ. घरभर आमटीचा वास सुटला होता. कोळणीने एक घास घेतला आणि ती खिडकीबाहेर बघायला लागली. काकांनी पाणी मागितलं.

मावशींनी सावकाश घास घेतला, चावला आणि गिळला. विहीणबाई पर्स धरून समोर बसल्या होत्या.

"कशी झालीय?"

"झकास," मावशी म्हणाल्या. "विहीणबाई, अजून घाला थोडी." आणि दुसरी वाढही त्यांनी पहिल्यासारखीच शांतपणे संपवली.

हात धुवायला त्या आत गेल्या. मी ताट घेऊन मागोमाग गेलो. त्यांनी नळ मोठा सोडला, बाहेर ऐकू जात नाही ना ते मान वळवून बघितलं आणि माझ्या कानाशी आल्या.

"हे तुझ्या त्या साखळीत घालू नकोस हं."

स्वयंपाकघरात आम्ही दोघंच होतो. त्यांनी तिसऱ्या कुणाला हाक मारली नाही.